दहा ते सहाच्या मध्ये

आमचा फ्रिज पहिल्यांदा बिघडला तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. पूर्ण बंद पडला असंही नाही. दिवा लागत होता, मशीनचा आवाज येत होता, वर फ्रीझरमध्ये तर इतका बर्फ साचला होता की मटारची पिशवी उलथन्याने खणून काढावी लागली. पण खालचा सगळा भाग गरम. सकाळी तापवून ठेवलेलं दूध दुपारी नासलं आणि आईंनी मला कंपनीत फोन केला, "मिनल, आत हात घालून बघितला. कपाटासारखा लागतोय गं."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, कस्तुरा. आम्ही काळेवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी, माझा नवरा बुद्धरत्न, सहा वर्षांची सोनू आणि आई. सासरे, किसनबाबा, चार वर्षांपूर्वी गेले. बुद्धरत्न भोसरीला शिफ्टमध्ये काम करतो, मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत परचेसला आहे. माझं कामच पाठपुराव्याचं. माल निघाला का, कुठे अडकला, कोणी अडवला, हे दिवसभर लोकांना विचारत बसायचं आणि उत्तर मिळेपर्यंत फोन सोडायचा नाही. फ्रिजचंही मी तसंच मार्गी लावीन, असं मला वाटलं होतं.

तक्रार नोंदवली. कस्टमर केअरच्या मुलीने सांगितलं, "टेक्निशियन परवा दहा ते सहाच्या मध्ये येतील. घरी कोणी असेल ना?"

"असतात," मी म्हणाले. "सासूबाई घरीच असतात."

पहिल्यांदा ओंकार नावाचा टेक्निशियन आला. त्याने बर्फ वितळवला, एक सेन्सर बदलला आणि गेला. पाच दिवस फ्रिज व्यवस्थित चालला. सहाव्या दिवशी पुन्हा खाली गरम, वर बर्फ.

दुसऱ्या वेळी जे झालं ते मला नीट आठवतं, कारण त्या दिवशी मी आईंना बोलले. टेक्निशियन येणार होता, वेळ तीच, दहा ते सहा. दुपारी एकला सोनूची व्हॅन येते. आई तिला आणायला खाली गेटपाशी गेल्या, आणि नेमकी व्हॅन वीस मिनिटं उशिरा आली. तेवढ्यात ओंकार येऊन बेल वाजवून गेला. मला मेसेज आला, ग्राहक घरी उपलब्ध नाही, तक्रार बंद करण्यात येत आहे. मी फोन करकरून थकले, पण एकदा बंद झालेली तक्रार उघडत नाही. नव्याने नोंदवायची, नवा नंबर, नवी तारीख.

संध्याकाळी घरी आले ती चप्पल काढतानाच म्हणाले, "आई, एवढा एक दिवस घरात थांबता आलं नाही का तुम्हाला? सोनूला दोन मिनिटं वॉचमनकाकांनी बघितलं असतं."

आई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "व्हॅन येईनाच बाई. लेकरू एकटं कसं सोडावं?"

"मग मला फोन तरी करायचा."

त्या भाजी निवडत राहिल्या.  माझा आवाज चढला होता, आणि सोनू पुस्तक बाजूला ठेवून आमच्याकडे बघत होती. त्यानंतर तक्रारीच्या दिवशी आई दाराच्या कडीलाही हात लावायच्या नाहीत. सोनूला आणायला समोरच्या अंजलीताईंना पाठवायच्या. बेल ऐकू येणार नाही म्हणून मिक्सरही लावायच्या नाहीत. हे मला नंतर अंजलीताईंकडून कळलं.

त्याच आठवड्यात शालनबाईंचा फोन आला.

शालनबाई कोण, हे सांगायला हवं. बाबा आणि आई उदगीरकडून इकडे आले, तेव्हा बाबांना पिंपरीत नोकरी लागली होती, पण खोली मिळत नव्हती. थेरगावात खोल्या रिकाम्या दिसायच्या. आडनाव विचारलं जायचं आणि मग खोली आधीच दिली आहे असं कळायचं. आईंना तेव्हा सातवा महिना होता. शालनबाईंचे यजमान मारुतराव यांच्या डांगे चौकाजवळ सहा खोल्या होत्या. तेही आडनाव ऐकून ओसरीवर गप्प बसले. तेव्हा शालनबाई आतून बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पोटुशी बाई उन्हात हुबी हाय. चावी द्या हिकडं." बुद्धरत्न त्याच खोलीत लहानाचा मोठा झाला. आई तिथे अकरा वर्षं राहिल्या. पुढे आमचं काळेवाडीत घर झालं. त्या खोल्या पाडून तिथे इमारत उभी राहिली. मारुतराव गेले, आणि त्यांच्या मुलाने, रणजीतने, चऱ्होलीला बंगला बांधला. आई शालनबाईंना आक्का म्हणायच्या.

"आक्काला बरं नाही," आई मला म्हणाल्या. "दम लागतो म्हणती. ये म्हणली एकदा. जाऊन यावं म्हणते."

"जा ना आई," मी म्हणाले. "फक्त उद्या तो फ्रिजवाला येऊन जाऊ दे. मग आरामात जा, राहा एक दिवस."

"बघू की," आई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ओंकार पावणेसहाला आला. आई सकाळी दहापासून बसून होत्या. त्याने बर्फ वितळवला आणि म्हणाला, बोर्ड गेलाय, मागवावा लागेल. बोर्ड गुरुवारी येणार होता. गुरुवारी कोणीच आलं नाही. मी जेवणाच्या सुट्टीत चाळीस मिनिटं फोन कानाला लावून उभी होते. जेवण राहिलं. शेवटी साहेब म्हणवणारा एक माणूस लाइनवर आला आणि त्याने शनिवार दिला. शनिवारी बोर्ड बसला. जयंती जवळ आली होती, कॉलनीत निळ्या पताका लागत होत्या, पाहुणे येणार होते, आणि मला एवढंच दिसत होतं की चौदा तारखेच्या आत फ्रिज सुरू झाला पाहिजे. आई या सगळ्या दिवसांत एकदाही घराबाहेर पडल्या नाहीत, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

बुद्धरत्नच्या मात्र लक्षात आलं होतं. तो म्हणाला, "आई, रविवारी मी तुला गाडीवर नेतो चऱ्होलीला." पण रविवारी त्याला ओव्हरटाइम लागला. कंपनीतून आला तो तसाच झोपला.

त्या रविवारी दुपारी शालनबाईंचा पुन्हा फोन आला. आई पोळ्या लाटत होत्या, हाताला पीठ होतं, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

"कस्तुरे," पलीकडून आवाज आला. बारीक झाला होता, पण खोडकरपणा तोच. "येती येती म्हन्तीस, आन् येत तर न्हाईस. त्यो फ्रिज काय तुज्या उरावर बसलाय व्हय?"

आई हसल्या. "काय करू आक्का? मेला रोजच बिघडतो."

"आमच्याकडं फ्रिज व्हता का गं तवा? व्हता का? रांजनात ठिवत व्हतो दुदाचं पातेलं." मग खोकला आला. बराच वेळ आला. मी पाण्याचा ग्लास भरून हातात धरून उभी राहिले, जसं काही फोनमधून देता येणार होतं. "मला बोलायचं हाय तुज्यासंगं. फोनवर न्हाई. यिऊन जा."

"बुधवारी येते," आई म्हणाल्या. "बुधवारी नक्की."

"बुदवारी," शालनबाई म्हणाल्या. "मी वाट बघती."

सोमवारी फ्रिज चालला. मंगळवारी सकाळी मी दार उघडलं तर आतल्या कोथिंबिरीचा वास आला. मी तिथेच खाली बसले. त्या दिवशी मी कस्टमर केअरवर काय काय बोलले ते आठवलं की आताही लाज वाटते. पण त्याचा उपयोग झाला. त्यांनी सांगितलं, आता ओंकार नाही, सीनिअर माणूस पाठवतो. उद्याच. दहा ते सहाच्या मध्ये. उद्या म्हणजे बुधवार.

बुधवारी सकाळी सातला मी डबा भरत होते. आई बाहेर आल्या. त्यांनी मोरपंखी साडी नेसली होती, केस विंचरलेले, हातात कापडी पिशवी. पिशवीत त्यांनी आदल्या दिवशी केलेले तिळाचे लाडू होते.

"मी निघते म्हणते चऱ्होलीला," त्या म्हणाल्या. "दुपारपर्यंत येते माघारी."

मी घड्याळ बघितलं. कंपनीची बस सात चाळीसला येते. आमच्याकडे त्या आठवड्यात ऑडिट होतं, सुट्टी कोणालाच नव्हती. बुद्धरत्न पहिल्या शिफ्टला कधीच गेला होता.

"आई, आजच्या दिवस," मी म्हणाले. "प्लीज. आज सीनिअर माणूस येतोय. आज चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. उद्या जा, उद्या मी तुम्हाला रिक्षा करून देते, थेट दारापर्यंत. तुम्ही तर घरीच असता, आज काय न् उद्या काय."

 आईंनी पिशवी टेबलावर ठेवली. "बरं," त्या म्हणाल्या. मी बूट घालत होते तेव्हा त्या आतल्या खोलीत साडी बदलत होत्या. दार अर्धं लोटलेलं होतं. मी ते पाहिलं आणि जिना उतरले.

साडेअकराला भिमाजी नावाचे एक पन्नाशीचे गृहस्थ आले. त्यांनी फ्रिज पुढे ओढला, पाठीमागचं पत्र्याचं झाकण काढलं आणि बॅटरी मारून पाहिलं. बर्फ वितळवणारा एक हीटर असतो, त्याच्या वायरचा जोड सैल होता. कधी लागायचा, कधी नाही. बाकी काहीच बिघडलेलं नव्हतं. सेन्सर चांगला होता, बोर्ड चांगला होता. जोड घट्ट करायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. मग ते आईंना म्हणाले, "आजी, मॅडमच्या मोबाईलवर ओटीपी आला असेल, तेवढा घ्या. त्याशिवाय मला जाता येत नाही."

आईंनी मला फोन केला. मी ऑडिटरसमोर बसले होते, फोन उलटा ठेवलेला. त्यांनी चार वेळा केला. मी सव्वाबाराला पाहिला आणि आकडे सांगितले. भिमाजी तोवर बाहेरच्या खोलीत चहा पीत बसले होते.

"झाला का नीट?" मी विचारलं.

"झाला म्हणतेत. मिनल, मी आता जाऊ का? आता जाते तर तीनला पोचीन."

"एवढ्या उन्हात? दोन बस बदलून? आई, सोनू पण येईल एकला. उद्या सकाळीच जा ना."

"बरं," आई म्हणाल्या.

चार वाजता बुद्धरत्नचा फोन आला. रणजीतने त्याला कळवलं होतं. शालनबाई दुपारी दोनच्या सुमारास गेल्या.

मी ऑडिट सोडून निघाले. चाकणहून बस नव्हती, एका सहकाऱ्याच्या गाडीवर मोशीपर्यंत आले आणि तिथून रिक्षा केली. रिक्षात मोबाईल वाजला. फ्रिजच्या कंपनीचा मेसेज होता: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, सेवेबद्दल आपले मत कळवा. मी फोन पर्समध्ये टाकला.

बुद्धरत्न आईंना घेऊन माझ्या आधी पोहोचला होता. रणजीतच्या बंगल्याच्या चारही बाजूंना आता उंच इमारती आहेत, काही अर्धवट, त्यांच्या हिरव्या जाळ्या वाऱ्याने फडफडत होत्या. अंगणात माणसं उभी होती. आत हॉलमध्ये शालनबाईंना खाली निजवलं होतं, आणि बायकांच्या घोळक्यात आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. घरातल्याच साडीवर आल्या होत्या, बदललीही नव्हती. रडत नव्हत्या. शालनबाईंचे पाय पांढऱ्या कापडातून थोडे बाहेर आले होते, आणि आई मधूनमधून ते कापड नीट करत होत्या.

रणजीतची बायको मंजुषा मला बाजूला घेऊन म्हणाली, "सकाळपासून तीनदा विचारलं त्यांनी, कस्तुरा आली का म्हणून. मी म्हटलं येतील, अजून बस मिळाली नसेल. खिडकीतला पडदा सारायला लावला मला, रस्ता दिसावा म्हणून." ती सहज सांगत होती, तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. तिला काहीच माहीत नव्हतं. "काही अडचण आली का?"

"हो," मी म्हणाले. फ्रिज हा शब्द तिथे तोंडातून निघेना.

घरी आल्यावर आई मला काहीतरी बोलतील, असं वाटत होतं. बोलाव्यात, असं वाटत होतं. त्यांनी लाडवांची पिशवी तशीच उचलून अंजलीताईंच्या मुलांना देऊन टाकली, आणि पुढचे दिवस नेहमीसारखे काढले. सोनूची वेणी, माझा डबा, बुद्धरत्नच्या शिफ्टप्रमाणे बदलणारी जेवणाची वेळ. फ्रिज उत्तम चालत होता. मी तो उघडायची तेव्हा आतली थंड हवा तोंडावर यायची आणि मला पटकन दार लावून घ्यावंसं वाटायचं.

तेराव्याचं आमंत्रण आलं. आदल्या रविवारी आई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, मी चिमटे देत होते. मी म्हणाले, "आई, मी सुट्टी टाकते. मी येते तुमच्याबरोबर." आणि मग जे दहा दिवस घशात होतं ते बाहेर आलं. "माझ्यामुळे राहिलं आई. त्या दिवशी तुम्ही साडी नेसून तयार होता. मी अडवलं. मला माफ करा."

आईंनी सोनूचा फ्रॉक झटकला. दोरीवर टाकला. मग म्हणाल्या, "तू अडवलंस, ते खरं. पण मी काय लहान लेकरू हाय का? जायचंच असतं तर गेले असते. कुलूप लावून गेले असते."

मी पुढचा चिमटा त्यांच्या हातात दिला.

"प्राजक्ताच्या लग्नाला गेलतो आपण," त्या म्हणाल्या. प्राजक्ता ही रणजीतची मुलगी. लग्न दोन वर्षांपूर्वी झालं होतं. "तुला आठवत असंल, न जेवता आलतो. डोकं दुखतंय म्हणलं होतं मी."

आठवत होतं.

"डोकं दुखत नव्हतं. आक्कानं मला बोलवून पुढच्या सोफ्यावर बसवलं, आपल्या शेजारी. तितक्यात त्यांच्या भावकीतली एक बाई आली. म्हणली, ही जागा घरच्या माणसांची हाय, तुम्ही मागं बसा. आणि पुढं आणखी काय म्हणली ते सांगत नाही. ती कोण कुठली बाई, तिचं मला काही नाही गं. असल्या लई ऐकल्या. पण आक्का शेजारी होती. तिनं ऐकलं, आणि मान खाली घालून पदर सारखा करत बसली. ज्या बाईनं नवऱ्याच्या हातातून चावी काढून घेतली, ती गप्प बसली."

खाली रस्त्यावरून टेम्पो गेला. आईंनी बादलीतला पुढचा कपडा उचलला.

"तवापासून मी गेले नाही. ती फोन करायची, मी काही तरी सांगायची. गुडघे दुखतेत, सोनूची परीक्षा हाय. मग फ्रिज बिघडला. बरा सापडला मला तो. मनात यायचं, बोलवू दे आणखी दोनदा. तिला कळू दे." त्यांनी हातातला चिमटा दोरीला लावला. "बुधवारी मात्र जायचं होतं. तिचा खोकला ऐकला, आणि राग गेला माझा. खरंच गेला. पण तू थांब म्हणलीस आणि मी थांबले. दोन वर्षं थांबायची सवय लागली होती ना. एक दिवस काय अवघड?"

"त्यांना तेच बोलायचं असेल," मी म्हणाले. "लग्नातलं."

"असंल. नसंल. आता कुणाला विचारू?"

 त्यांनी हे सांगितल्यावर माझं ओझं हलकं होईल, असं त्यांना वाटलं असावं. झालं नाही. आधी मला वाटत होतं की मी आईंची एक भेट चुकवली. आता कळत होतं की दोन वर्षांचा दुरावा संपवायला त्या साडी नेसून निघाल्या होत्या, आणि मी त्यांना म्हणाले होते, तुम्ही तर घरीच असता.

"तू येऊ नको तेराव्याला," आई म्हणाल्या. "मी एकटी जाते."

त्या एकट्याच गेल्या, सकाळच्या बसने. मी त्या दिवशी कंपनीत गेले, पण कामात लक्ष नव्हतं. दुपारी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. संध्याकाळी घरी आले तेव्हा आई परत आल्या होत्या, पाय पसरून खुर्चीत बसल्या होत्या, आणि सोनू त्यांच्या पायांना तेल लावत होती.

"कसं झालं?" मी विचारलं.

"झालं सगळं नीट. मंजुषानं पोटभर वाढलं."

"रणजीतदादा काही म्हणाले?"

"त्याला काय माहीत, बिचाऱ्याला. म्हणला, आई तुमची लई आठवण काढायची." आईंनी सोनूच्या हातातून तेलाची वाटी घेतली आणि बाजूला ठेवली. "तिच्या फोटोपुढं बसले थोडा वेळ. बोलावं म्हणलं मनातल्या मनात. पण माणसंच लई होती गं, आणि मला काही सुचलं नाही."

मग त्या उठल्या आणि कुकर लावायला आत गेल्या. मीही त्यांच्यामागे गेले. डाळ त्यांनी धुतली, तांदूळ मी धुतले.